बायकांच्या बढतीचं पाणी कुठे मुरतं?

मार्च-एप्रिल आला की बहुतेक कंपन्यांमध्ये अप्रेझलचा हंगाम सुरू होतो. कर्मचाऱ्याच्या हातात शेवटी एकच गोष्ट पडते, ती म्हणजे रेटिंग. मोठ्या कंपन्यांत मात्र त्या रेटिंगच्या मागे बऱ्याचदा दोन वेगळे शेरे असतात. पहिला कामगिरीचा: गेल्या वर्षभरात या व्यक्तीने काय केलं. दुसरा कुवतीचा, ज्याला सगळे 'पोटेन्शियल' म्हणतात: ही व्यक्ती पुढे काय करू शकेल. एचआरकडे यासाठी नऊ चौकोनांचा तक्ता असतो, त्याला 'नाईन बॉक्स' म्हणतात. एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला पोटेन्शियल आणि प्रत्येकाचं नाव कुठल्या तरी एका चौकोनात. दोन्हीकडे वरचा शेरा मिळालेली नावं पुढच्या बढत्यांच्या यादीत जातात.

कंपन्यांमध्ये वरच्या पदांवर बायका कमी का दिसतात, हे समजून घ्यायचं तर या दुसऱ्या शेऱ्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. कामगिरी होऊन गेलेली असते. विक्री किती झाली, प्रोजेक्ट वेळेत गेला का, क्लायंटची तक्रार आली का, याच्या नोंदी असतात. शेरा पटला नाही तर त्या नोंदी पुढे ठेवून भांडता येतं. पोटेन्शियल हा अजून न घडलेल्या गोष्टीचा अंदाज. तिथे नोंदी नसतात, त्यामुळे अंदाज करणारा माणूस समोरच्याला आपल्या डोक्यातल्या चित्राशी ताडून बघतो. ते चित्र तयार होतं आजवर पाहिलेल्या साहेबांवरून, आणि साहेब बहुतेकदा पुरुषच पाहिलेले असतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी १९७३ मध्ये पुरुष मॅनेजरांना वेगवेगळी वर्णनं करायला सांगितली होती: सर्वसाधारण पुरुष कसा असतो, सर्वसाधारण स्त्री कशी असते, यशस्वी मॅनेजर कसा असतो. पुरुषाचं आणि मॅनेजरचं वर्णन बरंचसं जुळलं. स्त्रीचं आणि मॅनेजरचं जुळलं नाही.

पन्नास वर्षांत हे चित्र पुसट झालं असेल, पण पुसलं गेलेलं नाही. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अर्थतज्ज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. तिथे सुरुवातीच्या पदांवर ५६ टक्के स्त्रिया होत्या. विभागाच्या मॅनेजरांत ४८ टक्के, दुकानाच्या मॅनेजरांत ३५ टक्के आणि जिल्ह्याच्या मॅनेजरांत १४ टक्के. म्हणजे तळाला अर्ध्याहून जास्त असलेल्या स्त्रिया वर जाता जाता विरळ होत गेल्या. कामगिरीच्या शेऱ्यात त्या पुरुषांपेक्षा कमी नव्हत्या, उलट थोड्या पुढेच होत्या. मागे पडल्या त्या पोटेन्शियलच्या शेऱ्यात. स्त्री-पुरुषांच्या बढत्यांमध्ये जी तफावत होती, तिच्यातला ३० ते ५० टक्के भाग एकट्या या पोटेन्शियलच्या शेऱ्यामुळे होता.

याच अभ्यासाचा पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोटेन्शियल हा अंदाज असेल, तर तो खरा ठरला की नाही हे नंतर तपासता येतं. संशोधकांनी तेही केलं. ज्या स्त्रियांना पोटेन्शियल कमी दिलं होतं, त्यांनी पुढे तेवढाच शेरा मिळालेल्या पुरुषांपेक्षा चांगलं काम केलं होतं. कंपनी सोडून जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. अंदाज चुकला होता, आणि तो चुकल्याचा पुरावा कंपनीच्या स्वतःच्याच फायलींत होता. तरीही पुढच्या वर्षी त्या स्त्रियांना पोटेन्शियल पुन्हा कमीच दिलं गेलं. पुरुषाला उद्याच्या भरवशावर बढती मिळते आणि बाईला कालच्या पुराव्यावर, असं नोकरी करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं म्हणत आल्या आहेत. इथे ते आकड्यांत दिसतं.

असा फरक वरवर लहान असतो. एका मीटिंगमध्ये एखादं नाव थोडं खाली सरकतं, एवढंच. त्याचा परिणाम मोठा कसा होतो हे बघण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. एका कंपनीत १,००० पुरुष आणि १,००० स्त्रिया एकाच वेळी लागल्या. दर टप्प्यावर पुरुषांपैकी ४० टक्क्यांना बढती मिळते, स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना. पहिल्या बढतीनंतर ४०० पुरुष आणि ३०० स्त्रिया उरतात. दुसऱ्या बढतीनंतर १६० आणि ९०. तिसऱ्यानंतर ६४ आणि २७. निम्म्यापासून निघालेल्या स्त्रिया तीन पायऱ्यांत ३० टक्क्यांवर आल्या. या हिशेबात कुणीही कुणाला 'बाई आहेस म्हणून नाही' असं म्हटलेलं नाही. एकीलाही नोकरीवरून काढलेलं नाही. आणि नोकरीत चढायच्या पायऱ्या तीनपेक्षा बऱ्याच जास्त असतात.

म्हणूनच 'सीईओच्या खुर्चीत बायका का नाहीत' हा प्रश्न सीईओ निवडताना विचारला तर फार उशीर झालेला असतो. अमेरिकी कंपन्यांवर मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन-इन ही नोकरदार स्त्रियांसाठी काम करणारी संस्था मिळून दरवर्षी अहवाल काढतात. त्यांच्या २०१९ च्या अहवालात साध्या कर्मचाऱ्यापासून मॅनेजर होण्याच्या पहिल्याच पायरीवर १०० पुरुषांमागे ७२ स्त्रियांना बढती मिळत होती. पुढच्या काही वर्षांत आकडा सुधारला, बरोबरी मात्र झाली नाही. टीम लीडची ही पहिली जबाबदारी कुणाला मिळते याची बातमी होत नाही. पण पंधरा वर्षांनी कोण डायरेक्टर होऊ शकेल, हे बरंचसं तिथेच ठरून गेलेलं असतं.

आता त्या डोक्यातल्या चित्राकडे परत येऊ, कारण बाई त्या चित्रात बसत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. ती बसायला गेली की दुसरी अडचण उभी राहते. त्यासाठी ॲन हॉपकिन्स यांची गोष्ट माहीत असायला हवी. हा अमेरिकेतला खटला आहे, आणि या विषयावर इतका स्पष्ट कागदोपत्री पुरावा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

हॉपकिन्स प्राइस वॉटरहाउस या हिशेब-तपासणी आणि सल्ला देणाऱ्या बड्या फर्मच्या वॉशिंग्टन ऑफिसात होत्या. १९८२ मध्ये भागीदार म्हणून त्यांचं नाव सुचवलं गेलं. त्या वेळी फर्ममध्ये ६६२ भागीदार होते आणि त्यांत स्त्रिया फक्त ७. त्या वर्षीच्या ८८ उमेदवारांत हॉपकिन्स एकट्याच स्त्री होत्या. त्यांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम फर्मला मिळवून दिलं होतं, आणि बाकीच्या कुठल्याच उमेदवाराची कामगिरी त्या तोडीची नव्हती, असं पुढे न्यायालयात नोंदलं गेलं. त्यांना भागीदारी मिळाली नाही. निर्णय आधी लांबणीवर टाकला, मग पुन्हा नाव सुचवायलाच नकार दिला.

फर्मची पद्धत अशी की भागीदार उमेदवारांबद्दल लेखी मत देत. त्यामुळे एरवी चहा पिताना बोललं गेलं असतं ते इथे कागदावर राहिलं. एकाने लिहिलं होतं की त्या फार पुरुषी आहेत. एकाच्या मते बाई असल्याची भरपाई म्हणून त्या जास्तच करतात. बाईला शोभेल असं वागणं-बोलणं शिकवणाऱ्या वर्गाला त्यांना पाठवावं, अशी कुणाची सूचना होती. भागीदारी का मिळाली नाही, हे त्यांना सांगायचं काम ज्या वरिष्ठांकडे आलं ते खरं तर त्यांच्या बाजूचे होते. त्यांनी मनापासून सल्ला दिला: चालणं, बोलणं, कपडे जास्त बायकी ठेव, मेकअप कर, केस नीट करून घे, दागिने घाल.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. हॉपकिन्स हाताखालच्या लोकांशी कधी कधी कठोर वागत, अशा तक्रारी खरोखर होत्या आणि त्यांच्या बाजूच्या काही जणांनीही ते मान्य केलं होतं. खटला अवघड होता तो त्यामुळेच. प्रश्न असा होता की तोच कठोरपणा पुरुषात असता तर त्याचं वजन तेवढंच धरलं असतं का. शिवराळ बोलणारे भागीदार फर्ममध्ये होते. हॉपकिन्स यांच्या तोंडी शिव्या खटकतात त्या केवळ बाईच्या तोंडी आहेत म्हणून, असं त्यांच्या एका समर्थकानेच लिहून ठेवलं होतं.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर जो निकाल दिला, त्याचा गाभा सोपा आहे. जे काम करायला आक्रमकपणा लागतो, त्याच कामात बाईचा आक्रमकपणा दोष धरला तर तिच्यापुढे वाटच उरत नाही. आक्रमक झाली तर बाई म्हणून नापास, नाही झाली तर उमेदवार म्हणून नापास. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं आणि १९९० मध्ये न्यायाधीशांनी हॉपकिन्स यांना भागीदार करून घ्यायचा आदेश दिला. ज्या फर्मने नाकारलं होतं त्याच फर्ममध्ये त्या १९९१ मध्ये भागीदार म्हणून परत गेल्या.

आपल्याकडे अशी मतं सहसा लिहिली जात नाहीत, पण शब्द ओळखीचे आहेत. पुरुषाने टीमला झापलं तर 'त्याचा वचक आहे', बाईने झापलं तर 'ती जरा जास्तच ॲग्रेसिव्ह आहे'. पुरुष शांत असेल तर 'मॅच्युअर', बाई शांत असेल तर 'तिला लोक हाताळता येत नाहीत'. पगारवाढ मागण्याचंही असंच. हॅना राइली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पगारासाठी घासाघीस करणाऱ्या बाईबरोबर काम करायची लोकांची इच्छा जितकी कमी झाली, तितकी तेच करणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत झाली नाही. 'आत्मविश्वास वाढवा, मागायला शिका' अशा कार्यशाळांना बायकांना पाठवलं जातं तेव्हा मला हेच आठवतं. मागितल्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते, त्यांनाच आणखी मागायला सांगायचं आणि ती किंमत लावणाऱ्यांना मात्र कुठल्याच वर्गात बसवायचं नाही, याने काय साधणार?

आता कामाच्या वाटपाकडे येऊ. ऑफिसात काही कामं अशी असतात की ती केलीच पाहिजेत, पण केल्याबद्दल बढती कुणाला मिळत नाही. मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, निवृत्त होणाऱ्याचा निरोपसमारंभ, नव्या मुलामुलींना सगळं दाखवणं, दिवाळीची सजावट, महिला दिनाचा कार्यक्रम, भांडलेल्या दोघांना समजावणं. ही कामं बायकांकडे जातात, आणि 'त्यांना आवडतं म्हणून' जातात असं सांगितलं जातं.

हे खरं आहे का, ते बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लिसे वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी तपासलं. प्रयोग छोटा होता. अनोळखी लोकांचे तिघातिघांचे गट केले. संगणकाच्या पडद्यावर एक बटण होतं आणि हातात दोन मिनिटं. तिघांपैकी कुणी तरी एकाने बटण दाबलं तर सगळ्यांचाच फायदा, पण दाबणाऱ्याला इतर दोघांपेक्षा कमी पैसे. म्हणजे कुणी तरी करावं असं प्रत्येकाला वाटणारं, पण स्वतःच्या वाट्याला नको असलेलं काम. मिश्र गटांत स्त्रियांनी बटण दाबायचं प्रमाण पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त निघालं. मग संशोधकांनी गट बदलले. सगळ्याच स्त्रिया असलेल्या गटांत आणि सगळेच पुरुष असलेल्या गटांत बटण दाबायचं प्रमाण सारखं निघालं! बायकांना असली कामं उपजत आवडतात, तर बायकाबायकांच्या गटातही त्यांनी जास्त दाबायला हवं होतं. तसं झालं नाही. फरक पडत होता तो आपल्यात बाई आहे, ती करेल, या सगळ्यांच्या अपेक्षेने. त्या 'सगळ्यांत' ती बाईही आली. पुढच्या प्रयोगात एकाला मॅनेजर करून बटण दाबायला कुणाला विनंती करायची ते ठरवू दिलं. स्त्रियांना ४४ टक्के जास्त विनंत्या आल्या, आणि विनंती करणारी स्त्री असली तरी त्यात फरक पडला नाही. विनंतीला होकार देण्याचं प्रमाण स्त्रियांत ७६ टक्के होतं, पुरुषांत ५१.

विनंती करणारी स्त्री असली तरी फरक पडला नाही, या तपशिलाकडे दुर्लक्ष करू नये. पूर्वग्रह ही पुरुषांची मक्तेदारी नाही. बाईला गृहीत धरायला बाईही तेवढीच शिकलेली असते, त्यामुळे 'आमच्या एचआर हेड बाईच आहेत' हे भेदभाव नसल्याचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

भारतात एके काळी हा भेदभाव सरळ नियमांत लिहिलेला असे. एअर इंडियाचं मुख्यालय तेव्हा मुंबईत होतं. तिथल्या हवाईसुंदरींना वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी होईल तेव्हा नोकरी सोडावी लागे. विमानात त्यांच्याबरोबर काम करणारे पुरुष ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी करत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेल्या. १९८१ च्या निकालात गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरली. चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने योग्य मानली. आज तो भाग वाचताना वाईट वाटतं.

आज अशी अट कुणी लिहिणार नाही. पण मुलाखतीत 'लग्नाचं काय ठरलंय?', 'मिस्टर कुठे असतात?' हे प्रश्न येतात, आणि मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मुलीला ते नवे नाहीत. त्यामागे एक खरा आर्थिक हिशेबही आहे, तो नाकारून चालणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. मी या रजेच्या पूर्णपणे बाजूची आहे. पण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआयच्या) बाहेर असलेल्या नोकऱ्यांत, म्हणजे बहुतेक कॉर्पोरेट नोकऱ्यांत, या रजेचा सगळा पगार एकट्या मालकावर पडतो. आणि खासगी क्षेत्रातल्या बापाला रजा देण्याचं कायदेशीर बंधन नाहीच. केंद्र सरकारच्या नोकरीत निदान १५ दिवस मिळतात. परिणामी मूल ही फक्त बाईमुळे कंपनीवर येणारी अडचण आहे, असं कायद्याच्या मांडणीतूनच दिसू लागतं. खर्च विम्यातून किंवा सरकारी निधीतून वाटून घेतला असता आणि बापालाही सक्तीची रजा असती, तर मुलाखत घेणाऱ्याला मुलगा समोर असला काय आणि मुलगी असली काय, हिशेब सारखाच राहिला असता.

घरचा हिशेबही ऑफिसात येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलंय की आज स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी बरीचशी मूल झाल्यानंतर रुंदावते, आणि त्यातही जिथे कधीही हाका मारल्या की हजर राहण्याला जास्त पैसे मिळतात अशा नोकऱ्यांत. रात्री दहाचा अमेरिकेचा कॉल घेणारा 'कमिटेड' ठरतो. तो कॉल घेताना मुलाला झोपवणारी कुणी तरी घरात असते, ही त्याची सोय कुठल्याच तक्त्यात येत नाही. 'तिला लहान मूल आहे, ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटकडे जाऊन काम करायला, तिला विचारायला नको' हा निर्णय अनेकदा चांगल्या मनाने, काळजीपोटी घेतला जातो. पण तिला न विचारता घेतला जातो, आणि दोन वर्षांनी 'तिच्याकडे ऑनसाइटचा अनुभव नाही' असं तिच्याच फाइलवर येतं.

मग वरूनच बायका आणल्या तर? भारताने हा मार्ग काही प्रमाणात घेतला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणं सक्तीचं झालं. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी मालकांच्या घरातल्याच स्त्रीला नेमून कलम पूर्ण केलं. म्हणून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने स्वतंत्र संचालक असलेली स्त्री हवी अशी अट घातली: बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून. मला हे कायदे हवेत. त्यांच्याशिवाय अनेक मंडळांत आजही एकही बाई दिसली नसती. पण त्यांच्याकडून खालच्या पायऱ्या दुरुस्त होतील ही अपेक्षा चुकीची आहे. नॉर्वेने याहून फार पुढे जाऊन संचालक मंडळांत ४० टक्क्यांची सक्ती केली. २००८ पर्यंत ती पाळली गेली, आणि न पाळणाऱ्या कंपनीला गाशा गुंडाळायला लावण्याची तरतूद होती. मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी त्याचे परिणाम तपासले. मंडळावर आलेल्या स्त्रिया आधीच्यांपेक्षा जास्त पात्र होत्या, त्यांचा फायदाही झाला. त्याच कंपन्यांत खाली काम करणाऱ्या बाकीच्या स्त्रियांच्या बढत्यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

खालून वर आलेल्या बायका बघायच्या तर आपल्याकडची बँकिंगची दुनिया बघावी. मुंबईतल्या आयसीआयसीआय समूहातून एका पिढीत ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा, रेणुका रामनाथ, माधबी पुरी बुच, चंदा कोचर अशी नावं पुढे आली. यांतल्या बऱ्याच जणींच्या हाती स्वतंत्र व्यवसाय दिले गेले होते: आयुर्विमा कंपनी, गुंतवणूक निधी, शेअर दलालीची कंपनी, किरकोळ कर्जांचा विभाग. सहसा बायकांना वर नेलं जातं ते एचआर, जनसंपर्क, सामाजिक उपक्रम अशा विभागांत. ती कामं मोलाची आहेत, पण प्रमुख निवडताना बघितलं जातं ते नफ्या-तोट्याची जबाबदारी कुणी पेलली ते. ती संधीच मिळाली नाही, तर पोटेन्शियल सिद्ध करायचं कुठे? स्टेट बँकेची वाट वेगळी. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून परीक्षा देऊन लागल्या आणि २०१३ मध्ये बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात मुलांच्या किंवा घरातल्या वृद्धांच्या देखभालीसाठी स्त्रियांना दोन वर्षांपर्यंत नोकरीतून विराम घेऊन परत यायची सोय झाली. सरकारी बँकांतही बढतीबरोबर येणाऱ्या बदल्यांमुळे बढतीच नको म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तेव्हा तिथे सगळं सुरळीत आहे असं नाही. पण बढतीचे नियम लिहिलेले असतात, आणि लिहिलेल्या नियमात चहाच्या टेबलावरच्या मताला जागा थोडी कमी उरते.

यांतल्या चंदा कोचर पुढे आयसीआयसीआय बँकेच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांचं नाव घेतलं की हमखास एक प्रतिक्रिया येते. २०१८ मध्ये आरोपांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी बँक सोडली, आणि 'बघा, बायकांना एवढं वर नेलं की काय होतं' असं बोललं गेलं. त्या आरोपांचा निवाडा कायद्याने व्हायचा तो होईल. पण आर्थिक घोटाळ्यांत अडकलेल्या पुरुषांची यादी आपल्या देशात लहान नाही, आणि तिच्याकडे बोट दाखवून 'पुरुषांना वर नेऊ नये' असं कुणी म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७० च्या दशकात एका मोठ्या अमेरिकी कंपनीचा अभ्यास करून हेच मांडलं होतं. एखाद्या गटात कुणी संख्येने अगदी थोडे असले की ते व्यक्ती म्हणून दिसत नाहीत, आपल्यासारख्या सगळ्यांचे प्रतिनिधी म्हणून दिसतात. त्यांची प्रत्येक चूक मोठी दिसते. संख्या वाढली की हे आपोआप कमी होत जातं. म्हणून मंडळावर एकच बाई असणं आणि तिघी असणं यांत खूप फरक आहे.

एवढं सगळं सांगितल्यावर 'आमच्याकडे फक्त मेरिट बघतात' हे उत्तर येतं. ते म्हणणारे बहुतेक लोक खोटं बोलत नसतात. त्यांना तसं खरंच वाटतं. एमिलिओ कॅस्टिया आणि स्टीफन बेनार्ड यांनी २०१० मध्ये याचीच परीक्षा घेतली. मॅनेजर म्हणून अनुभव असलेल्या लोकांना कर्मचाऱ्यांची माहिती देऊन बोनस वाटायला सांगितला. काहींना आधी सांगितलं की या कंपनीचं तत्त्व मेरिट आहे. ज्यांना हे सांगितलं होतं, त्यांनीच सारख्या कामगिरीच्या बाईपेक्षा पुरुषाला जास्त बोनस दिला. आपण निःपक्ष आहोत याची खात्री पटली की माणूस स्वतःला तपासायचं थांबवतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मलाही तो पटतो.

त्यामुळे उपाय माणसांचं मन पालटण्यात शोधण्यापेक्षा पद्धतीत शोधावा. बढतीचे निकष नावं समोर येण्याआधी लिहून काढावेत, म्हणजे आवडत्या उमेदवाराप्रमाणे ते बदलता येत नाहीत. पोटेन्शियलचा शेरा देणाऱ्याला 'कशावरून?' असं विचारावं आणि एक तरी प्रसंग लिहायला लावावा. दोन-तीन वर्षांनी ते जुने अंदाज काढून कुणाच्या बाबतीत किती चुकले ते बघावं; सगळी माहिती एचआरकडे असतेच. 'ॲग्रेसिव्ह', 'इमोशनल', 'ॲटिट्यूड' असे शब्द अप्रेझलमध्ये आले तर हेच वागणं असलेल्या टीममधल्या पुरुषाबद्दल काय लिहिलंय ते त्याच बैठकीत शेजारी ठेवून वाचावं. मिनिट्स आणि समारंभांची पाळी लावावी, स्वेच्छेने कोण करतंय असं विचारू नये. प्रसूती रजेच्या वर्षी काम केलेल्या महिन्यांवरूनच रेटिंग द्यावं, नाहीतर आधीच्या वर्षाचं पुढे चालू ठेवावं. बाहेरगावचं काम, नाईट शिफ्ट, परदेशवारी हे तिला विचारावं आणि 'नाही' म्हणायचा हक्क तिच्याकडे ठेवावा. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही.

बाहेरून बघणाऱ्यालाही आता एक साधन मिळालं आहे. सेबीने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला आहे. ऑफिसात त्याला बीआरएसआर म्हणतात. तो कंपनीच्या वेबसाइटवर किंवा वार्षिक अहवालात कुणालाही वाचता येतो. संचालक मंडळावर किती स्त्रिया आहेत, प्रमुख व्यवस्थापकीय पदांवर किती, नोकरी सोडून जाणाऱ्यांत स्त्री-पुरुषांचं प्रमाण काय, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि त्यांतल्या किती टिकल्या, स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मध्ये येणारा) किती, हे सगळं त्यात असतं. नोकरी बदलायचा विचार करत असाल, किंवा लेकीला नोकरीची दोन पत्रं एकदम आली असतील, तर आधी रजेनंतर टिकलेल्यांचा आकडा बघा, मग मधल्या पगाराचा. पहिल्या बढतीत स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे मात्र त्या अहवालात नसतं. ते मुलाखतीच्या शेवटी, 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारलं जाईल तेव्हा विचारा: गेल्या वर्षी या टीममध्ये नव्याने टीम लीड कोण कोण झालं?